कौलारू छप्पर दर पावसाळ्यात त्याच जागी का गळते? कोकणातील मंगळुरी कौलांच्या घरांसाठी समस्या निवारण

कोकणातील जुन्या घरांत एक तक्रार वारंवार ऐकू येते. माजघरातल्या अमुक एका जागी दर वर्षी पाणी पडते, दर वर्षी तिथली दोन-चार कौले बदलली जातात आणि पुढच्या आषाढात पुन्हा तिथेच पातेले ठेवावे लागते. अशी घरे अनेकदा दुरुस्त केल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, जी गळती एकदाच होते तिचे कारण बहुतेक वेळा कौलात असते, पण जी दर वर्षी त्याच जागी परत येते तिचे कारण सहसा कौलाखाली, कौलाशेजारी किंवा कौलाच्या बरेच वर असते. त्यामुळे कौल बदलण्यापूर्वी पाणी नेमके कुठून येते हे शोधणे, हेच या दुरुस्तीतले मुख्य काम आहे.

येथील हवा छपराला कोणत्याच ऋतूत स्वस्थ बसू देत नाही. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. त्याआधीच्या उन्हाळ्यात लाकूड सुकून आकसते, समुद्राजवळच्या गावांत खारे वारे खिळे आणि पत्रे खातात, आणि मे महिन्यात तापलेल्या छपरावर वळीव अचानक येऊन आदळतो. निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आले आणि त्याने दापोली-मंडणगडपर्यंतची छपरे उधळली, ती नेमकी अनेक घरांची शाकारणी, म्हणजे कौले उतरवून नीट परत बसवण्याचे काम, नुकतीच झालेली असताना. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला समांतर गेले. म्हणून येथे छपराने पाणी अडवले एवढे पुरत नाही, त्याने वाऱ्यातही जागेवर राहिले पाहिजे.

आधी लक्षणे

गळती केव्हा सुरू होते आणि केव्हा थांबते, याची नोंद वहीत करून ठेवावी. शिडी लावण्यापूर्वी या नोंदीतूनच अर्धे निदान होते.

पाऊस सुरू होताच थेंब पडू लागतात आणि पाऊस थांबताच ते थांबतात, तेव्हा बहुधा एखादे कौल फुटलेले असते किंवा सरकलेले असते. संततधार पावसात काहीही होत नाही, पण वाऱ्यासह सर आली की पाणी येते, तेव्हा कौले शाबूत असूनही त्यांची एकमेकांवरची चढण अपुरी असते किंवा छपराचा उतार कमी असतो. पाऊस सुरू होऊन तास-दोन तास झाल्यावर गळू लागते आणि उघडीप झाल्यानंतरही बराच वेळ टिपटिप चालू राहते, अशा वेळी आढ्यावरच्या कोन्यांखालचा (छपराच्या सर्वांत वरच्या रेषेवर बसवलेल्या कौलांखालचा) गिलावा, भिंतीचा सांधा किंवा फार जुनी, पाणी पिणारी कौले यांपैकी कुठेतरी पाणी मुरत असते. फक्त सर्वांत जोराच्या सरीत एकदम धार लागते आणि पाऊस मंदावताच ती थांबते, हे तुंबलेल्या पन्हळाचे, म्हणजे छपराचे पाणी वाहून नेणाऱ्या पत्र्याच्या नालीचे, लक्षण आहे. भिंतीवर वरून खाली उतरणारा ओला पट्टा दिसत असेल तर छप्पर आणि भिंत मिळतात तो सांधा तपासावा. वाशाखाली जमिनीवर बारीक लाकडी भुसा पडत असेल, तर गळती अजून नसली तरी ती येणार आहे असे समजावे.

वाऱ्याची दिशाही लिहून ठेवावी. वळीव बहुतेक वेळा सह्याद्रीकडून, म्हणजे पूर्वेकडून येतो, तर जून-जुलैचा पाऊस नैऋत्य आणि पश्चिमेच्या वाऱ्यावर येतो. जी जागा वळवात गळते पण ऐन श्रावणात कोरडी राहते, तिचा दोष पूर्वेच्या पाख्यावर (छपराच्या उतरत्या बाजूवर) किंवा पूर्वेकडे उघड्या असलेल्या सांध्यात असण्याची शक्यता मोठी असते. हे न पाहता अनेक जण पश्चिमेचे पाखे उलगडून बसतात, कारण पाऊस तिकडून येतो हे त्यांच्या मनात पक्के असते.

ज्यांनी पडवीवर पत्रा घातला आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट येथेच सांगतो. थंडीच्या दिवसांत पहाटे पत्र्याच्या आतल्या बाजूने थेंब पडत असतील तर ती गळती नसून खोलीतल्या दमट हवेचे पाणी आहे, आणि त्यावर उपाय हवा खेळती ठेवणे हा आहे. पत्र्यावर काहीही लावून ते थेंब थांबत नाहीत.

पहिली तपासणी: घरात उभे राहून, बिनखर्चाची

भर दुपारी माळ्यावर जावे, दिवे बंद करावेत आणि डोळे अंधाराला सरावू द्यावेत. कौलांतून जिथे कवडसा दिसतो तिथे खडूने जवळच्या वाशावर खूण करावी. मात्र प्रत्येक कवडसा म्हणजे गळती नव्हे, कारण दोन कौलांच्या खाचेतून तिरपा उजेड येतो तरी पाणी येत नाही. ज्या कवडशातून सरळ आकाश दिसते तो महत्त्वाचा.

त्यानंतर पाऊस पडत असताना विजेरी घेऊन तीच जागा पाहावी. थेंब जिथे जमिनीवर पडतो तिच्या सरळ वर पाहून उपयोग नाही. पाणी रिपेवरून (कौले जिच्यावर टेकतात त्या आडव्या पट्टीवरून) वाशावर येते, वाशाच्या खालच्या कडेने उतरत जाते आणि एखादी गाठ, खिळा किंवा वळण मिळाले की खाली सुटते. म्हणून ओला माग धरून चढावाच्या दिशेने, म्हणजे आढ्याकडे, सरकत जावे आणि लाकूड जिथे कोरडे होते तिथे थांबावे. शिरकाव त्याच्या लगेच खाली असतो. थेंबाच्या जागेपासून तो हात-दीड हात वर असू शकतो, तसाच पुरा पाखा ओलांडूनही असू शकतो. दर वर्षी चुकीचे कौल बदलले जाते ते येथेच.

घराला खालून फळ्यांचे किंवा पीओपीचे छत मारलेले असेल तर हा माग दिसत नाही. अशा घरात निदान एक-दोन जागी उघडता येईल असे झाकण ठेवणे शहाणपणाचे असते, आणि नवे छत मारण्याचा विचार असेल तर आधी एक पावसाळा गळतीविना जाऊ द्यावा.

दुसरी तपासणी: कचरा, शेवाळ आणि पन्हळ

आंबा, फणस किंवा माड छपरावर झुकलेला असेल तर पालापाचोळा कौलांच्या खाचांत आणि पन्हळात साठतो. मंगळुरी कौलाची रचना अशी असते की कडेच्या खाचेतून उतरलेले पाणी खालच्या कौलाच्या वरच्या बाजूवर जाऊन पडते. त्या खाचेत शेवाळ किंवा माती बसली की पाणी अडते, काठ ओलांडते आणि आत येते. कौल मात्र बाहेरून अगदी धडधाकट दिसते. शेवाळ मऊ कुंच्याने, कोरड्या दिवसात, वरून खाली झाडावे. तारेच्या ब्रशने खरवडल्यास कौलाचा भाजलेला वरचा थर जातो आणि ते जास्त पाणी पिऊ लागते. दाबाने पाणी मारणाऱ्या यंत्राबद्दलही माझे मत चांगले नाही, कारण त्याचा फवारा खालून वर गेला तर सांध्यातूनच पाणी आत ढकलले जाते.

दोन पाखे जिथे आत मिळतात तिथला पन्हळ पूर्ण रिकामा करून पाहावा. त्याच्या तळाशी नुसता गंज दिसतो की आरपार छिद्र आहे, हे ओला पाला काढल्याशिवाय कळत नाही. छिद्र लहान असेल आणि पुढे पावसाळा उभा असेल तर डांबराची चिकटपट्टी एक हंगाम निभावून नेते, पण पावसाळा संपताच पन्हळ बदलावा. पन्हळाचे दोन तुकडे जोडताना वरचा तुकडा खालच्यावर चढलेला असावा आणि दोन्ही कडा वर वळवलेल्या असाव्यात. सपाट कडांचा पन्हळ कितीही रुंद असला तरी जोराच्या सरीत कडेने सांडतो. समुद्राच्या अगदी जवळ साधा जस्ताचा पत्रा फार टिकत नाही, तिथे जाड ॲल्युमिनियमचा विचार करावा.

तिसरी तपासणी: सरकलेले आणि फुटलेले कौल

माकडे, वाऱ्याने आपटणाऱ्या झावळ्या आणि केबलची वायर ओढायला छपरावर चढलेली माणसे ही कौले सरकण्याची नित्याची कारणे आहेत. कौलाच्या पाठीवरचे, म्हणजे खालच्या बाजूचे, उंचवटे रिपेला अडकलेले असतात. ते सुटले की कौल बोट-दोन बोटे खाली घसरते आणि वरच्या कौलाखालून बाहेर येते. हे काम बहुतेक वेळा आतूनच होते. माळ्यावरून वरचे कौल एका हाताने किंचित उचलावे, घसरलेले कौल दुसऱ्या हाताने वर सारावे आणि ते रिपेवर टेकल्याचे हाताला जाणवले की वरचे कौल सोडावे. बाहेरून छपरावर चढून हेच करू गेल्यास एक कौल बसवताना तीन फुटतात.

फुटलेले कौल बदलताना मापाकडे लक्ष द्यावे. बासेल मिशनने १८६५ साली मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि पुढे त्याच नमुन्याची कौले पश्चिम किनाऱ्यावरच्या अनेक कारखान्यांत तयार होऊ लागली. नमुना एक असला तरी लांबी, रुंदी आणि खाचांची जागा प्रत्येक कारखान्याची थोडी वेगळी असते. कौल उलटे करून पाहिल्यास पाठीवर बहुधा कारखान्याचे नाव उमटलेले दिसते. त्याच नावाचे कौल मिळाले तर उत्तम, आणि म्हणूनच गावात एखादे जुने घर उतरवले जात असेल तर तिथली बरी कौले घेऊन गोठ्यात रचून ठेवावीत. निराळ्या मापाचे एकच कौल मधे घुसवले तर त्याच्या दोन्ही बाजूंच्या खाचा नीट बसत नाहीत, आणि एका गळतीच्या दोन होतात. मापाचे कौल मिळतच नसेल तर खालच्या पडवीच्या टोकाची कौले काढून मधल्या जागी वापरावीत आणि नवी कौले एका सलग ओळीने पडवीला लावावीत.

जुने कौल परत वापरण्यापूर्वी बोटाच्या पेराने वाजवून पाहावे. खणखणीत आवाज आला तर कौल चांगले. बद्द आवाज आला तर त्यात न दिसणारी चीर असते. कौलाची खालची बाजू पावसात नुसती ओलसर दिसणे हा दोष नाही, कारण मातीचे कौल थोडे पाणी पितेच. खालच्या बाजूला थेंब धरत असतील तर ते कौल काढून टाकावे.

फुटलेल्या कौलावर सिमेंट थापू नये. एका चौरस मीटरला साधारण पंधरा कौले लागतात आणि त्यांचे वजन कोरडेपणीच चाळीस किलोंच्या आसपास जाते, त्यावर आणखी भार घालण्यात अर्थ नाही. शिवाय सिमेंट आणि कौल उन्हात सारखे प्रसरण पावत नाहीत, त्यामुळे पुढच्या मेपर्यंत दोघांमध्ये केसाएवढी फट पडते आणि तिच्यात पाणी अडकून राहते. पावसाळ्याच्या मध्यावर तात्पुरता उपाय हवा असेल तर पातळ पत्र्याचा तुकडा वरच्या कौलाखाली सारून फुटक्या कौलावर पसरावा. कौलांवर लावायच्या रंगांचेही तसेच आहे. रंगाने कौल पाणी कमी पिते हे खरे, पण गळती सांध्यातून होत असेल तर रंगाचा काही उपयोग नाही.

चौथी तपासणी: पाणी सोडून पाहणे

एवढे करूनही कारण सापडले नाही तर कोरड्या दिवसात नळीने पाणी सोडून पाहावे. आत एक माणूस विजेरी घेऊन बसवावा आणि बाहेरून वळचणीपासून सुरुवात करावी. एका पट्ट्यावर दहा मिनिटे पाणी सोडावे, काही झाले नाही तर हात-दीड हात वर सरकावे, आणि आढे अगदी शेवटी घ्यावे. वरून सुरुवात केल्यास सगळेच पाखे ओले होते आणि पाणी कुठून शिरले ते कळत नाही. नळीचे तोंड नेहमी उताराच्या दिशेने ठेवावे.

पाचवी तपासणी: कोने आणि भिंतीचा सांधा

आढ्यावरच्या कोन्यांखालचा गिलावा सिमेंट जास्त घालून केलेला असेल तर तो कडक होतो आणि पहिल्याच कडक उन्हाळ्यात तडकतो. चुना मिसळलेला, सिमेंट कमी असलेला गिलावा लाकडाच्या हालचालीला थोडी सवलत देतो. तडकलेल्या गिलाव्यावर नवा हात मारणे व्यर्थ असते. सुटलेला भाग काढून, धूळ झाडून, कोना आणि कौल भिजवून मगच नवा भरावा. कोने बसवताना त्यांच्या सांध्याचे उघडे तोंड पावसाच्या वाऱ्याकडे येऊ देऊ नये.

भिंतीच्या सांध्याचा त्रास अलीकडे फार वाढला आहे, कारण जुन्या कौलारू घराला चिकटून स्लॅबचे न्हाणीघर किंवा खोली बांधण्याची पद्धत पडली आहे. लाकडी छप्पर ऋतूनुसार हलते, स्लॅबची भिंत हलत नाही, आणि मधे भरलेले सिमेंट दर वर्षी सुटते. येथे वळवलेला पत्रा हाच खरा उपाय आहे. पत्र्याची वरची कड भिंतीत खाच पाडून आत बसवावी आणि खालची कड कौलांवर सैल सोडावी. पत्रा भिंतीला नुसता खिळ्यांनी ठोकून वर सिलिकॉन लावणारे कारागीर भेटतात. तो सांधा एक-दोन वर्षांत पुन्हा गळतो.

सहावी तपासणी: रिपा, वासे आणि उतार

वरचे सर्व पाहून झाले आणि गळती तरीही त्याच जागी असेल, तर दोष लाकडात आहे असे धरून चालावे. अंगणात दूर उभे राहून वळचण आणि आढे डोळ्यांच्या रेषेत पाहावे. जिथे रेषा खाली झुकते तिथे रीप किंवा वासा वाकला आहे. वाकलेल्या जागी खालच्या आणि वरच्या कौलांमधली चढण फाकते आणि उतारही कमी होतो, त्यामुळे वाऱ्याने ढकललेले पाणी उलटे चढून आत येते. तिथे कितीही नवी कौले घातली तरी ती त्याच फाकलेल्या अंतरावर बसतात. दर वर्षी परत येणाऱ्या गळत्यांपैकी ज्या माझ्या हाताखालून गेल्या, त्यांतल्या बहुतेक शेवटी इथे येऊन थांबल्या.

संशयित रिपेत आणि वाशात, विशेषतः भिंतीवर टेकलेल्या टोकाशी, पेचकस टोचून पाहावा. किंजळ, आईन किंवा सागवानाच्या चांगल्या लाकडात तो शिरत नाही. सहज आत गेला तर लाकूड आतून कुजलेले आहे किंवा वाळवीने खाल्लेले आहे. मातीच्या नळ्या भिंतीवरून वाशापर्यंत गेलेल्या दिसल्या तर आधी वाळवीचा बंदोबस्त करावा, लाकूड नंतर बदलावे.

दोन-तीन रिपा बदलायच्या असतील तर तेवढ्या पट्ट्यातली कौले उतरवून ते काम घरच्या घरी करता येते. रिपांमधले अंतर साधारण बत्तीस सेंटिमीटर असते, पण हा आकडा डोळे मिटून वापरू नये. आपल्याच छपरावरची दोन कौले एकमेकांत अडकवून, एकदा पूर्ण ताणून आणि एकदा पूर्ण दाबून मोजावे आणि मधले अंतर धरावे. छपराचा उतार पंचवीस अंशांपेक्षा कमी असेल, आणि पुढे ओढून वाढवलेल्या पडव्यांचा तो हमखास असतो, तर कौलांकडून वाऱ्याचा पाऊस अडवण्याची अपेक्षा करू नये. त्या भागावर पत्रा घालणे योग्य. संपूर्ण कौलारू छपरावर लोखंडी सांगाडा उभारून पत्रे घालण्याची जी लाट आली आहे ती मला पसंत नाही, पण शाकारणीला माणूस मिळत नाही आणि घरात फक्त वृद्ध आहेत अशा घरांना दुसरा मार्ग उरत नाही, हेही मान्य केले पाहिजे.

रिपा उघड्या झाल्याच आहेत तर वळचणीच्या आणि कडेच्या ओळींतली कौले तारेने रिपेला बांधून घ्यावीत. वादळात वारा आधी कडेची कौले उचलतो आणि मग तिथून आत शिरून पुढची उधळतो. त्यासाठी तांब्याची किंवा स्टेनलेस स्टीलची तार वापरावी, साधी तार खाऱ्या हवेत गंजून तुटते.

कुठे थांबावे

ओल्या छपरावर, वारा असताना, विजा चमकत असताना किंवा घरात दुसरे कोणी नसताना चढू नये. शेवाळलेले कौल पावलाखाली केव्हा निसटेल याचा भरवसा नसतो. पाणी विजेच्या वायरवर, बोर्डावर किंवा पंख्यावर पडत असेल तर मुख्य स्विच बंद करून आधी वायरमनला बोलवावे आणि छपराचे नंतर पाहावे. जुने करड्या रंगाचे सिमेंटचे पत्रे असतील तर त्यांवर पाय ठेवू नये, कारण ते वजनाने अचानक तुटतात, आणि त्यांना भोके पाडणे किंवा ते फोडणे टाळावे, कारण त्यांत ॲस्बेस्टॉस असू शकतो व त्याची धूळ फुफ्फुसाला घातक आहे.

आढे मधे झुकले असेल, वाशांची टोके भिंतीवरच कुजली असतील, तुळईला चीर गेली असेल किंवा छपराच्या रेट्याने भिंत बाहेर कलली असेल, तर एकही कौल न हलवता अनुभवी सुताराला आणि गरज पडल्यास अभियंत्याला दाखवावे. एका बाजूची कौले उतरवली की त्या बाजूचा भार जातो आणि कमकुवत सांगाडा दुसरीकडे ढकलला जाऊ शकतो, म्हणून असे छप्पर धिरे (तात्पुरते टेकू) देऊन, दोन्ही पाख्यांवरून सारखेच उतरवावे लागते.

वादळाने नुकसान झाले असेल तर ताडपत्री टाकण्यापूर्वी सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत आणि तलाठ्याला कळवून पंचनामा करून घ्यावा. फुटलेली कौले तोवर अंगणातच राहू द्यावीत.

माणूस बोलवायचाच असेल तर तो मार्चमध्ये सांगून ठेवावा, कारण एप्रिल-मेमध्ये शाकारणीची कामे एकदम निघतात आणि वळवाच्या भीतीने घाईत उरकली जातात. त्याला लक्षणांची वही आणि वाशांवरच्या खडूच्या खुणा दाखवाव्यात, आणि संपूर्ण छप्पर नव्याने शाकारण्याचा दर ठरवण्याआधी त्या खुणांच्या वरचा पट्टा त्याच्याकडून उघडून घ्यावा.